आधी वाढायला शिकवा, मग विकायला

बँक्वेटच्या, म्हणजे समारंभांच्या मोठ्या जेवणांच्या, स्वयंपाकघरात भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो. कुठे त्याला फंक्शन शीट म्हणतात, कुठे बीईओ, कुठे नुसताच पार्टीचा कागद. किती माणसं, किती वाजता, कुठला हॉल, बसून जेवण की बफे, मेनू काय, टेबलं कशी लावायची, माइक कोण देणार, कुणाला काय चालत नाही, बिल कुणाच्या नावानं, सगळं त्या एका कागदावर. पार्टीच्या दिवशी तीस-चाळीस माणसं त्याच्याकडे बघून कामाला लागतात. तो लिहिणारी व्यक्ती मात्र बहुतेक वेळा तिथे नसते. ती वरच्या मजल्यावर पुढच्या महिन्याच्या पार्टीचं बोलणं करत असते.

ही व्यक्ती म्हणजे केटरिंग सेल्सवाला किंवा सेल्सवाली. मी त्यांच्यातलीच एक, बरीच वर्षं. बाहेरून बघणाऱ्याला हे काम गोड बोलण्याचं आणि इस्त्रीच्या कपड्यांचं वाटतं. नोकरीच्या जाहिरातीही तसंच लिहितात: उत्साही, हसतमुख, संभाषणचतुर. कुणीही असं लिहीत नाही की हे दुसऱ्याच्या जिवावर शब्द द्यायचं काम आहे. शब्द आम्ही देतो. पाळायचा आचाऱ्यानं, वाढप्यानं आणि भांडी घासणाऱ्यानं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. या कामाचं शिक्षण जिथे शब्द पाळला जातो तिथून सुरू व्हायला हवं. आज ते उलट्या टोकानं सुरू होतं आणि बऱ्याचदा त्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचतच नाही.

हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गात विक्री येते ती मार्केटिंगच्या पेपरातून. बँक्वेटचा एखादा धडा असतो, त्यात टेबलांच्या मांडणीची चित्रं पाठ करून घेतात: थिएटर, क्लासरूम, यू-शेप. नोकरी लागली की कंपनीचं ट्रेनिंग. फोन किती रिंगांत उचलायचा, एन्क्वायरी सॉफ्टवेअरमध्ये कशी टाकायची, 'महाग आहे' म्हटलं तर काय उत्तर द्यायचं, वरचं पॅकेज कसं पुढे सरकवायचं. हे सगळं लागतं, नाही असं नाही. पण यातलं बहुतेक सगळं विमा विकणाऱ्यालाही लागतं. मग केटरिंगचं म्हणून जे वेगळं आहे, ते कुठे शिकायचं?

ते वेगळं म्हणजे काय, हे एका रांगेवरून दाखवते. तीनशे पाहुणे आहेत, बफेचं एक टेबल आहे, एकाच बाजूनं वाढून घ्यायचं आहे. माणूस प्लेट उचलतो, एकेका भांड्यासमोर थांबतो, झाकण उघडतो, पुढे सरकतो. दर बारा सेकंदांना एक नवा माणूस रांगेत शिरतो असं धरू. तीनशे गुणिले बारा, म्हणजे ३६०० सेकंद. शेवटचा पाहुणा रांगेत शिरेपर्यंत एक तास गेला आणि पहिला पाहुणा तोवर हात धुऊन गाडीची किल्ली शोधतोय. तेच टेबल भिंतीपासून ओढून दोन्ही बाजूंनी खुलं केलं की अर्धा तास. अशी दोन टेबलं लावली की पंधरा मिनिटं. पण दुसऱ्या टेबलानं हॉलमधली जागा खाल्ली, म्हणजे दहा-दहा माणसांची दोन गोल टेबलं बाहेर गेली. आता वीस खुर्च्या कमी पडतात.

यजमान समोर बसून म्हणतो, 'जेवण अर्ध्या तासात उरकायला हवं, आणि तीनशे माणसं बसायला हवीत.' हे दोन्ही त्या हॉलमध्ये एकाच वेळी होईल का, हे त्या क्षणी डोक्यात मांडता यायला हवं. हे गणित चौथीतल्या मुलालाही येईल. पण बारा सेकंदांचा तो आकडा कुठून येतो? रांगेपाशी उभं राहून, घड्याळ बघून. पुस्तकात तो सापडला तरी अंगात मुरत नाही.

सवलतीचंही तसंच. समजा शंभराच्या बिलात साठ हा माणसांबरोबर वाढणारा खर्च आहे, म्हणजे कच्चा माल, रोजंदारीवरचे वाढपी, लाँड्री. हातात उरतात चाळीस, त्यातून पगार, भाडं आणि नफा निघायचा. सेल्सच्या माणसानं दहा टक्के सोडले की बिल नव्वदवर आलं, खर्च साठच राहिला, हातात तीस. पहिल्याइतके पैसे मिळवायला आता एक तृतीयांश जास्त धंदा करायला हवा. दुकानदार निदान दुसऱ्या दिवशी जास्त माल विकू शकतो. आमच्याकडे शनिवार एकच असतो आणि हॉलही तेवढाच असतो. एकदा स्वस्तात दिलेली तारीख परत येत नाही. ज्या ट्रेनीनं हे एकदा कागदावर मांडून पाहिलंय, तो 'दहा टक्के करून देतो' म्हणताना थबकतो. दुसऱ्या बाजूनं, कुठे दहा टक्के सोडायला हरकत नाही हेही त्याला कळतं: आठवड्याच्या मधल्या दिवसाची सकाळ, जेव्हा हॉल रिकामाच राहणार असतो.

आता माझी स्वतःची गोष्ट. सेल्समध्ये माझं दुसरं वर्ष. चारशे माणसांचं बसून जेवण होतं, तीन कोर्सचं. यजमान म्हणाले, भाषणं संपली की सगळ्यांना एकदम गरम वाढा. मी म्हटलं, नक्की. कागदावर लिहिलं, 'जेवण ८.३०'. आमच्याकडे प्लेटा गरम ठेवायची दोन कपाटं होती, प्रत्येकी ९६ प्लेटांची. म्हणजे चारशेपैकी १९२. उरलेल्या दोनशेआठ त्याच वेळी दोन ओळी लावून भरायच्या. शेफनी हिशोब बरोबर केला होता, वेळ फक्त माझ्या कागदावरून घेतली होती. मी भाषणं केव्हा सुरू होणार, किती जण बोलणार, हे विचारलंच नव्हतं. वीस मिनिटांचं भाषण पंचावन्न मिनिटं चाललं. कपाटातल्या प्लेटांवर सॉसनं साय धरली, ओळीवरच्या गार झाल्या, शंभरावर प्लेटा पुन्हा भराव्या लागल्या. वाढप्यांना यजमानांकडून जे ऐकावं लागलं ते मला ऐकावं लागलं नाही. मी तेव्हा घरी होते.

दुसऱ्या दिवशी शेफ ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, 'ये खाली. चारशे माणसं, तीन कोर्स, बाराशे प्लेटा. धुवून आल्यात. मोजून लाव.' त्या दुपारी मला हा धंदा वजनानं कळला. नंतर मी होऊन दोन आठवडे पासपाशी उभी राहिले, म्हणजे जिथून भरलेली प्लेट वाढप्याच्या हातात जाते तिथे. त्या दोन आठवड्यांत जे शिकले ते तोवरच्या सगळ्या सेल्स ट्रेनिंगपेक्षा जास्त कामाला आलं. तरी ते शिक्षण म्हणून मला कुणी दिलेलं नव्हतं. त्याची सुरुवात शिक्षेनं झाली होती.

इथे काही जण खूश होऊन म्हणतील, बघा, कामातच शिकतो माणूस, कॉलेजं कशाला? हा युक्तिवाद जुना आहे आणि तो करणाऱ्यांत मोठी माणसं होती. अमेरिकेतले हॉटेल उद्योजक एल्सवर्थ स्टॅटलर तेराव्या वर्षी हॉटेलात सामान उचलणारा पोऱ्या म्हणून लागले आणि पुढे हॉटेलांची साखळी उभी केली. कॉर्नेल विद्यापीठात १९२२ मध्ये हॉटेल व्यवसायाचं शिक्षण सुरू झालं तेव्हा त्यांना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. हे काम वर्गात शिकवता येतं यावर त्यांचा विश्वासच नव्हता. त्यांचं मत पालटलं ते 'हॉटेल एझरा कॉर्नेल' बघून. १९२६ पासून तिथले विद्यार्थी दरवर्षी थोड्या काळासाठी स्वतः हॉटेल चालवतात, खोल्यांपासून मेजवानीपर्यंत, आणि हॉटेल व्यवसायातल्या जाणत्यांना पाहुणे म्हणून बोलावतात. ते पाहून स्टॅटलर शाळेच्या बाजूचे झाले आणि त्यांच्या पैशानं ती शाळा पुढे उभी राहिली.

या गोष्टीत मला दोन्ही बाजूंना सांगण्यासारखं दिसतं. 'शाळा नको' म्हणणाऱ्यांना हे, की सामान उचलत मोठा झालेला माणूससुद्धा शेवटी शाळेच्या बाजूनं आला. आणि शाळावाल्यांना हे, की तो व्याख्यान ऐकून आला नाही. खऱ्या पाहुण्यांना मुलांनी खरं जेवण वाढलं, तेव्हा आला.

जगातली सर्वांत जुनी मानली जाणारी हॉटेल शाळा स्वित्झर्लंडमधल्या लोझानची, १८९३ ची. तिथेही पदवीच्या मुलांना व्यवस्थापन शिकवायच्या आधी स्वयंपाकघरात आणि सर्व्हिसला उतरवतात. जर्मनीनं १ ऑगस्ट २०२२ पासून हॉटेल-रेस्टॉरंटमधल्या उमेदवारीचे नियम नव्यानं लिहिले, तेव्हा रेस्टॉरंटच्या कामाच्या तीन वर्षांच्या उमेदवारीच्या नावातच समारंभांची भोजनव्यवस्था घातली. म्हणजे पाहुण्याशी बोलणं, त्याच्या समारंभाची आखणी करणं आणि त्याला वाढणं हे एकाच माणसानं, एकाच उमेदवारीत शिकायचं. आठवड्यातले काही दिवस किंवा वर्षातले काही आठवडे शाळा, बाकी वेळ काम, आणि कामाचा मोबदला. मला हा साचा सर्वांत पटतो, कारण त्यात विकणं आणि वाढणं यांच्यामध्ये भिंत नाही.

मोबदल्याचा मुद्दा मी मुद्दाम काढतेय. आमच्या क्षेत्रात इंटर्नशिपच्या नावाखाली फुकट मजुरी करून घेतात, हे उघड गुपित आहे. सहा महिने ग्लासं पुसणारी मुलगी सहा महिन्यांनी ग्लासं पुसण्यात तरबेज होते. मी 'आधी वाढायला शिकवा' म्हणते त्याचा अर्थ हा नव्हे. ट्रेनी पासपाशी उभा असेल तर त्याच्या हातात प्रश्न हवा: आजच्या कागदावर काय लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात काय घडलं? भांडी धुण्याच्या जागी असेल तर: किती प्लेटा, किती वेळात, किती फुटल्या? स्टोअरला असेल तर: कच्च्या मालाचा भाव वाढला आणि मेनू सहा महिन्यांपूर्वी विकलेला असेल, तर फरक कुणी भरायचा? आठवड्याच्या शेवटी कुणीतरी बसून त्याच्याकडून उत्तरं ऐकायला हवीत. हे करायला एका जाणत्या माणसाचा वेळ लागतो आणि ट्रेनीला पगार लागतो. दोन्ही खर्च कंपनीनं करायचे, मुलांच्या आईबापांनी नव्हे. बिघडलेल्या पार्टीचं बिल माफ करताना कंपनी हाच पैसा घालवते, फक्त तो ट्रेनिंगच्या खात्यात दिसत नाही.

आणखी एका गोष्टीवर मी अडून बसते. ॲलर्जी. युरोपीय संघाच्या नियमात ॲलर्जी आणणाऱ्या १४ घटकांची यादी आहे आणि डिसेंबर २०१४ पासून रेस्टॉरंट आणि केटरिंगवाल्यांनाही ती माहिती पाहुण्याला देणं बंधनकारक आहे. अमेरिकेच्या कायद्यातली यादी नऊची, त्यातले तीळ २०२३ पासून आले. कायदा कुठलाही असो, 'आमच्यात एकाला दाण्यांचं चालत नाही' हे वाक्य सगळ्यात आधी कानावर पडतं ते सेल्सवालीच्या, शेफच्या नव्हे. ती कागदावर 'एक प्लेट दाण्यांशिवाय' एवढंच लिहून मोकळी होते. कुठल्या टेबलावर? नाव काय? ॲलर्जी आहे की नुसती नावड? ॲलर्जी असेल तर कढई वेगळी लागेल, कारण दाणे घातलेला पदार्थ ज्या तेलात तळला त्याच तेलात दुसरं काही तळून चालत नाही. पळी वेगळी, फळी वेगळी, ती प्लेट नेणारा माणूस ठरलेला. ज्यानं तळणीच्या कढईपाशी एक दिवस काढलाय त्याला हे प्रश्न आपोआप सुचतात.

असंच एक दुसरं वाक्य: 'उरलेलं बांधून द्याल ना?' नवखा सेल्समन लगेच हो म्हणतो, चार डबे दिल्यानं काय बिघडतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानाला दोन तासांहून जास्त राहू नये, गरम असेल तर ६० अंशांच्या वर हवं, थंड असेल तर ५ च्या खाली. आता बफे साडेआठला लागला आणि पाहुणा साडेअकराला डबे घेऊन गाडीत बसला, तर तो हो कुठल्या आधारावर दिला? हे शिकवायला पदवी लागत नाही. एक थर्मामीटर आणि एक संध्याकाळ पुरते.

माझ्या मताविरुद्ध सगळ्यात बळकट आक्षेप माझ्याच एका सहकाऱ्यानं घेतला होता. तो म्हणाला, 'तू ज्यांना स्वयंपाकघर दाखवतेस ते विकायला घाबरतात. प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतात. मला असं माणूस हवं ज्याला अडचणी माहीतच नाहीत.' मी हे हसण्यावारी नेलं नाही, कारण त्यात तथ्य आहे. खालून वर आलेले काही जण खरोखरच यजमानाच्या बाजूनं विचार करणं विसरतात. त्यांना प्रत्येक पाहुणा म्हणजे वाढीव काम वाटतं. असा माणूस सेल्सला नकोच. पण त्याचं औषध अज्ञान कसं असेल? 'नाही'च्या पुढचं वाक्य शिकवणं, हे त्याचं औषध. चारशे प्लेटा एकदम गरम होणार नाहीत, हे मला आज माहीत आहे. म्हणून मी यजमानाला सांगते, 'पहिला कोर्स थंड ठेवू, तो भाषणाआधीच टेबलावर असेल. भाषण लांबलं तरी तुमची माणसं उपाशी बसणार नाहीत आणि गरम कोर्सला आम्हाला वेळ मिळेल.' यजमान खूश, शेफ खूश, आणि बरेचदा त्या थंड कोर्सचे दोन पैसे जास्तही मिळतात. याला मी विक्री म्हणते.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. सीएमपी, म्हणजे सर्टिफाइड मीटिंग प्रोफेशनल, यासारखी परीक्षा आधी कामाचा अनुभव मागते आणि मग बसू देते. हा क्रम मला योग्य वाटतो. अनुभवाला नाव देण्यासाठी, इतरांचे मार्ग कळण्यासाठी प्रमाणपत्र चांगलं. अनुभवाऐवजी घेतलेलं प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं.

शिकवलेलं सगळं एका गोष्टीनं पुसलं जातं, आणि ती म्हणजे इन्सेंटिव्ह. बहुतेक ठिकाणी सेल्सचं कमिशन ठरतं करारावर सही झाली की. ट्रेनिंगमध्ये आम्ही सांगतो, झेपेल तेवढंच कबूल कर. महिन्याच्या तीस तारखेला आमचाच टार्गेटचा तक्ता सांगतो, काहीही कबूल कर पण सही आण. माणूस कुणाचं ऐकणार? पार्टी पार पडून शेवटचं बिल चुकतं झाल्यावर कमिशन द्या, माफ केलेली रक्कम त्यातून वजा करा, आणि बघा किती जण स्वतःहून पासपाशी येऊन उभे राहतात. मी हे दोन ठिकाणी सुचवलं. एका ठिकाणी हसले, दुसऱ्या ठिकाणी समिती नेमली.

आता माणसं घ्यायचं काम माझ्याकडे आहे. मुलाखतीला येणाऱ्याच्या हातात मी एक जुना कागद देते, नावं खोडलेला. त्यात काय विचाराल, एवढंच सांगते. बहुतेक जण दर बघतात. काही जण विचारतात, यजमानाला वरचं पॅकेज का सुचवलं नाही. चार वर्षं संध्याकाळी वाढपी म्हणून काम केलेल्या एका मुलीनं कागद उलटसुलट केला आणि विचारलं, 'भाषणं किती वाजता आहेत? इथे लिहिलेलंच नाही.'

कागद तोच होता, माझा. तिचा अर्ज माझ्यापर्यंत सरळ आलाच नव्हता. जाहिरातीत पदवीची अट होती, तिच्याकडे पदवी नव्हती, आणि संगणकानं तिला पहिल्याच चाळणीत गाळलं होतं. बँक्वेटच्या मॅनेजरनं हातानं लिहिलेल्या चिठ्ठीसकट तिला वर पाठवलं म्हणून ती माझ्यासमोर बसली होती. तिला घ्यायला मला एक दिवस लागला. जाहिरातीतली ती ओळ काढून घ्यायला आठ महिने.